गार मोटारीची बखर

मोटारींच्या इतिहासात एक आख्यायिका आवडीने सांगितली जाते. फ्रान्समधील मोल्सहाइम गावी एतोरे बुगाटी नावाचा नामांकित कारागीर शर्यतीच्या मोटारी बनवीत असे. त्याच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की हिवाळ्यात सकाळी मोटार काही केल्या सुरू होत नाही. तेव्हा बुगाटीने उत्तर दिले, की ज्याला माझी मोटार परवडते त्याला ती ठेवण्यापुरती एक उबदार खोली परवडू नये काय? गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तिच्यात एक सिद्धान्त गृहीत धरला आहे. मोटारीचा शत्रू म्हणजे थंडी. थंडी गेली की प्रश्न मिटला.

हा सिद्धान्त खरा असेल, तर आम्हा नवी मुंबईकरांना काळजीचे कारणच नाही. आमचे अख्खे शहर म्हणजे निसर्गाने फुकटात बांधून दिलेली उबदार खोली आहे. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा १५-१६ अंशांवर उतरला, की आम्ही कानटोप्या शोधू लागतो आणि रात्रपाळीचे पहारेकरी शेकोटी पेटवतात. बुगाटीच्या गिऱ्हाइकाला तोच वसंत ऋतू वाटला असता. असे असूनही नेरुळच्या आमच्या सोसायटीत एक मोटार अशी आहे, की तिने गेल्या हिवाळ्यात, आणि हिवाळ्यातच का, भर मे महिन्यातदेखील सकाळी सुरू व्हायचे साफ नाकारले. मी पेशाने इतिहासाचा मास्तर. पाना हाती न धरता चार पावले दूर उभे राहून कारणमीमांसा करणे हा आमचा धंदाच आहे. तेव्हा या मोटारीची कारणमीमांसा करता करता मला १३० वर्षांहून अधिक काळाची सफर घडली, तिचा हा वृत्तान्त.

मोटार आमच्या शेजाऱ्यांची. एमजी कंपनीची टीडी जातीची, १९५२ साली बनलेली, दोन माणसांची, छप्पर मागे दुमडता येणारी स्पोर्ट्स मोटार. टीडी ही १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होत असे. जवळजवळ ३०,००० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यांतली ही एक वाट चुकून मुंबईला आली. परत मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून शेजाऱ्यांच्या वडिलांनी ती घेतली आणि गिरगावातल्या चाळीतल्या मुलांना तिने दर दिवाळीत एकेक फेरी मारून आणली. आता गंमत पाहा. ही मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा नवी मुंबई नावाचे शहर पृथ्वीवर नव्हते. खाडीच्या या काठाला आगरी-कोळ्यांची गावे, भातशेती आणि मिठागरे होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली ती १९६५ साली. सिडको स्थापन झाली १९७०त. वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीला खुला झाला १९७३त. म्हणजे आमच्या पार्किंगमधली ही म्हातारी आमच्या शहरापेक्षा वयाने मोठी आहे. वडीलधाऱ्या माणसाने सकाळी उठायला कुरकुर केली, तर ती समजून घ्यायला हवी.

परंतु कुरकुर वाढत चालली. एका सर्व्हिस स्टेशनात मोटार ओढून नेली, तेव्हा तिथल्या तरुण कारागिराने आपले संगणकी यंत्र जोडायला जागा शोधली. ती सापडेना. मग त्याने सल्ला दिला, की जुने इंजिन काढून टाका आणि नवे बसवा. नाहीतर शोभेसाठी ठेवा. दरम्यान एका खरेदीदाराने किंमतही सांगून ठेवली. शेजाऱ्यांचे वय ७०च्या पुढे. दिवाळीच्या आत मोटार विकून मोकळे व्हावे, असे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले होते. एका न सुरू होणाऱ्या इंजिनापायी बापाची आठवण घराबाहेर जाण्याची वेळ आली होती.

इंजिनाला 'थंडी' म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. खरे पाहता जळते ती पेट्रोलची वाफ, आणि तीही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे ते आदर्श प्रमाण. हवा फार झाली तर मिश्रण पेटत नाही. पेट्रोल फार झाले तर प्लग भिजून ठिणगी विझते. आता घरातले उदाहरण घ्या. कढईतले तेल तापले नसेल, तर कितीही चांगल्या भाजणीची चकली त्यात सोडा, ती तळाशी जाऊन बसते. इंजिनाचेही तसेच आहे. चालत्या इंजिनातले पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापलेले असते; त्या उबेत पेट्रोलची झटकन वाफ होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात मात्र पेट्रोलचे थेंब नळ्यांच्या गार भिंतींना चिकटून बसतात आणि त्याचा थोडासाच हलका भाग वाफ बनून सिलिंडरात पोचतो. म्हणून गार इंजिनाला भुकेपेक्षा पुष्कळ जास्त वाढावे लागते, तेव्हा कुठे थोडे पोटात जाते. यातली मेख अशी, की ८० अंशांच्या तुलनेत १६ अंश गार आणि ३५ अंशही गारच. माणसाची थंडी वेगळी आणि इंजिनाची वेगळी. आमची मोटार मे महिन्यातही का रुसत होती, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

हे वाढपाचे काम ज्याच्याकडे असते तो कार्बोरेटर. त्याचा जन्मही मौजेचा आहे. कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्यातला कार्बोरेटर म्हणजे एक भांडे होते. भांड्यातल्या इंधनावरून हवा जायची आणि जाता जाता वाफ सोबत घेऊन जायची, बस्स. १८८८च्या ऑगस्टात बेन्झची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, शंभरावर किलोमीटर, हीच मोटार घेऊन गेली. वाटेत विस्लोख गावी तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे इंधन घेतले आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती साफ केली. जगातली पहिली लांबची मोटारसफर आणि पहिली रस्त्यावरची दुरुस्ती ही एकाच बाईच्या नावावर आहे, हे आमच्या घरच्या मंडळींना मी मुद्दाम सांगत असतो.

पुढे १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला. अत्तरदाणीतून अत्तर उडावे, तसे हवेच्या झोतात पेट्रोल बारीक थेंबांनी फवारायचे. पण सकाळची अडचण तशीच राहिली. गार इंजिन हाताने, लोखंडी हँडल मारून फिरवावे लागे, आणि इंजिन उलटे फिरले तर हँडल मनगटच मोडून टाकी. म्हणून जुन्या ड्रायव्हरांत दंडक असे, की अंगठा हँडलभोवती आवळायचा नाही. तो चारी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. मनगटे वाचली; मिश्रणाचे ज्ञान मात्र माणसाच्याच डोक्यात राहिले. किती जास्त पेट्रोल द्यायचे, किती वेळ द्यायचे, केव्हा थांबायचे, हे मोटारीला कळत नव्हते. ते चालवणाऱ्याने जाणायचे. चोकची खुंटी ही त्या जाणतेपणाची मूठ होती.

आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीला एसयू नावाचे दोन कार्बोरेटर आहेत. या दोन अक्षरांमागे एक जोडे विकणारे घराणे उभे आहे. लंडनमधील लिली अँड स्किनर या जोड्यांच्या पेढीच्या कुटुंबातले जॉर्ज आणि कार्लाइल स्किनर हे दोन भाऊ. चामड्याच्या घरातले, म्हणून की काय, त्यांनी आपल्या पहिल्या कार्बोरेटरात चामड्याचा भाता वापरला. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१०त, या भावांच्या नावाने 'स्किनर्स युनियन' म्हणजे 'एसयू' ही कंपनी उभी राहिली. पुढे चामड्याच्या भात्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. १९२६ साली मोटारकारखानदार विल्यम मॉरिस यांनी ती कंपनी विकत घेतली. एमजीचा जन्मही मॉरिस यांच्याच ऑक्सफर्डच्या गॅरेजातला. तेव्हा मोटार आणि कार्बोरेटर ही एकाच घरची भावंडे झाली.

एसयूची करामत साधी आहे. इंजिनाने हवा ओढली की कार्बोरेटरातला दट्ट्या त्या ओढीने वर उचलला जातो. दट्ट्याच्या तळाशी निमुळती होत गेलेली एक सुई असते आणि ती जेट नावाच्या पितळी नळीत शिरलेली असते. दट्ट्या वर गेला की सुईचा बारीक भाग जेटच्या तोंडाशी येतो, फट रुंदावते आणि पेट्रोल वाढते. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त. प्रमाण आपोआप सांभाळले जाते. गार इंजिनाला जादा पेट्रोल हवे असेल तर काय करायचे? खुंटी ओढायची, म्हणजे जेटच खाली सरकतो, सुईभोवतीची फट आणखी रुंद होते. इतर कित्येक कार्बोरेटरांत हवेच्या वाटेवर एक झाकण बसवून हवेचा गळा आवळतात. 'चोक' हा शब्द तिथून आला. एसयूमध्ये कोणाचाच गळा आवळला जात नाही, तरी आपण त्यालाही चोकच म्हणतो. आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. अनेक कार्बोरेटरांत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप असतो. एसयूमध्ये तो नाही. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी चारदा पाय आपटून जादा पेट्रोल मिळत नाही. मिळते ते केवळ खुंटी ओढून.

या विद्येची मुंबईतली हकिकतही जुनी आहे. जे. आर. डी. टाटांजवळ तरुणपणी बुगाटी मोटार होती. ती भरधाव हाकल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी ते जॅक व्हिकाजी या वकिलांकडे गेले. तिथे वकिलांची पुतणी थेल्मा त्यांना भेटली आणि १९३० साली त्यांचा विवाह झाला. मोटारीच्या वेगाने खटला आणि खटल्याने लग्न, असा हा योग. परंतु स्पोर्ट्स मोटारी मूठभर श्रीमंतांच्या. मुंबईच्या कारागिरांचे हात घडले ते वेगळ्या मोटारींवर. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की नुसती जोडणी करणाऱ्यांना नव्हे, तर इथे खरोखर मोटार बनवू पाहणाऱ्यांनाच वाव द्यावा. १९५४त जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मैदानात उरल्यांपैकी एक होती कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेली. तिच्या फियाट ११००ने मुंबईचे रस्ते व्यापले. हीच पुढे १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण दोन पिढ्यांच्या मनात ठसले.

परदेशी मोटारींची आयात आवळली गेल्याने एक गोष्ट नकळत चांगली झाली. सुटे भाग मिळेनात, तेव्हा दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कुर्ल्याच्या आणि ऑपेरा हाउसच्या बाजारांत जुने भाग शोधायचे, लेथवर नवे कातून घ्यायचे, आणि कान लावून इंजिनाची नाडी पाहायची, ही विद्या हजारो हातांत उतरली. ही विद्या टॅक्सीवाल्यांपुरती नव्हती. सकाळी बिल्डिंगीखाली स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे काका ज्यांनी पाहिले नाहीत, असे वाचक थोडे असतील. स्कूटर कलंडली की कार्बोरेटरातले पेट्रोल हवेच्या वाटेत ओघळे आणि गार इंजिनाला जादा घास मिळे. काकांनी बांकी आणि चोंका यांची नावे ऐकली नव्हती. सिद्धान्त मात्र त्यांना पाठ होता.

ती विद्या ओसरली त्याला कारण तसेच सबळ आहे. जादा पेट्रोल म्हणजे जादा धूर. १ एप्रिल २०००पासून देशभर धुराचे नवे निकष लागू झाले, ते पुढे कडक होत गेले, आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. १ एप्रिल २०२०च्या निकषांनी दुचाकींतलाही कार्बोरेटर संपवला. आज मोटारीतला एक छोटा संवेदक पाण्याचे तापमान पाहतो, दुसरा हवेचे माप घेतो, आणि संगणक ठरवतो की किती वाढायचे. आपण बटण दाबतो. शहराच्या हवेला हे हितकारकच झाले. पण १०० वर्षे माणसाच्या हाताकानांत असलेले ज्ञान एका डबीत गेले, आणि डबी उघडून कोणी पाहत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर तिचे वैद्यही पांगले.

त्यांतले एक वैद्य आम्हाला तुर्भ्याला सापडले. ४० वर्षांहून अधिक काळ टॅक्स्या दुरुस्त केलेले मिस्त्री, आता मुलाच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. शेजाऱ्यांनी मोटारीचे नाव सांगताच ते गल्ला सोडून उठले. वाटेत एवढेच म्हणाले, "साहेब, आधी ऐकायचं, मग बघायचं, आणि उघडायचं सगळ्यात शेवटी."

मला त्यांची पद्धत पाहून आमच्या ऐतिहासिक साधनांच्या परीक्षणाची आठवण झाली. साक्षीदार एकेक करून तपासायचे आणि एकाच्याच सांगण्यावर निकाल द्यायचा नाही. प्रथम त्यांनी किल्ली फिरवली आणि स्टार्टरला हात न लावता स्वस्थ उभे राहिले. या मोटारीचा पेट्रोलपंप विजेचा. तो टिकटिक करतो. टिकटिक अजिबात नसेल तर पंप झोपला. थांबतच नसेल तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. इथे पंप काही वेळ टिकटिकला आणि थांबला. "वाट्या भरल्या," मिस्त्री म्हणाले. महिनाभर उभ्या मोटारीच्या कार्बोरेटरातले पेट्रोल आमच्याकडच्या उष्म्याने उडून जाते. ते पुन्हा भरले, एवढे सिद्ध झाले.

दुसरा साक्षीदार ठिणगी. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरते आणि वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच मुरते. मिस्त्रींनी टोपी कोरड्या फडक्याने पुसली, पॉइंटवरची काजळी काढली आणि प्लग बाहेर काढून ठिणगी पाहिली. ती निळी, खणखणीत होती. बॅटरीही दमलेली नव्हती. मग खुंटी ओढून त्यांनी चार-सहा वेळा स्टार्टर मारला आणि चारी प्लग पुन्हा काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. त्या ओळीत सगळा इतिहास लिहिलेला होता. मागचे दोन प्लग ओले, पुढचे दोन कोरडे ठणठणीत.

या इंजिनात पुढचा कार्बोरेटर पुढच्या दोन सिलिंडरांना आणि मागचा मागच्या दोहोंना प्रामुख्याने वाढतो. खुंटी एकच, पण ती ओढली की एका दांडीने दोन्ही जेट बरोबरीने खाली यायला हवेत. मिस्त्रींनी मला वाकून पाहायला लावले. मागचा जेट खाली आला. पुढचा जागचा हलला नाही. जेटभोवती गळती थांबवण्यासाठी बुचाच्या लाकडाचे वॉशर असतात. मोटार महिनोन् महिने उभी राहिली, पेट्रोल सुकून त्याची राळ झाली, आणि त्या राळेने जेट वॉशरांसकट धरून ठेवला होता. दोष कोणाचाच नव्हे. न चालवलेल्या कोणत्याही यंत्राचे हेच होते. चारांतली दोन सिलिंडरे उपाशी आणि दोन अपचनाने बेजार. अशा स्थितीत इंजिन सुरू होणार कसे? नवे इंजिन बसवण्याचा सल्ला ज्या दुखण्यासाठी मिळाला होता, ते बोटाच्या पेराएवढ्या नळीचे दुखणे निघाले.

जेट साफ झाला, नवे वॉशर बसले, मोटार सुरूही झाली. पण खुंटी आत ढकलली की ती गचके खाऊन बंद पडे. इथे मिस्त्रींनी तिसरे कारण सांगितले, आणि ते मला सर्वांत विलक्षण वाटले. "पेट्रोल बदललं, साहेब. गाडीला कुणी सांगितलं नाही."

गोष्ट अशी, की आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५त २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हा मद्यार्क. तो उसापासून होतो, मका-तांदळापासूनही होतो. त्याला जळायला हवा कमी लागते, वजनाने एकास सुमारे नऊच. याचाच अर्थ तेवढ्याच हवेत इंधन जास्त घालावे लागते. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. गार इंजिनाजवळ नेमका तिचाच तुटवडा. तो हवेतली ओल शोषतो, आणि पाणी फार झाले तर मद्यार्क-पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. नव्या मोटारीतला संगणक हे ओळखून आपोआप वाढप वाढवतो. १९५२च्या मोटारीला हे कोणीतरी हाताने सांगावे लागते. या योगायोगाचे मला नवल वाटले. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरेकाठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून, १९५०-५१च्या सुमारास झाला. त्याच वेळी अ‍ॅबिंग्डनला ही मोटारींची जात बनत होती. ७० वर्षांनी आपल्या उसाचा अंश त्या विलायती कार्बोरेटरात उतरला आणि त्या दोघांची समजूत घालायला तुर्भ्याचा एक मिस्त्री लागला.

समजूत घालण्याची रीत अशी. जेटच्या खाली षट्कोनी नट असतो. मिस्त्रींनी दोन्ही नट एकेक पैलू फिरवून जेट किंचित खाली घेतले. मग इंजिन गरम झाल्यावर पातळ पात्याने एकेका कार्बोरेटरातला दट्ट्या केसभर उचलून ते ऐकत राहिले. उचलताच इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन धापा टाकून बंद पडू लागले तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा ठिकाणावर आले तर बरोबर. शेवटी रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा हवेचा सूं सूं आवाज सारखा करून घेतला. मोजायला एकही आकडा नव्हता. मागाहून जुन्या पेट्रोल-नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेजाऱ्यांनी खुंटी ओढली, स्टार्टर ओढला, आणि दुसऱ्याच घरघरीला इंजिन जागे झाले. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खरेदीदाराला फोन करून नाही म्हणून सांगितले.

२०२१च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी देण्याचे नियम केले. ही चांगली गोष्ट झाली. निदान कायद्याने त्यांना भंगार न म्हणता वारसा म्हटले. पण पाटी पत्र्याला मिळते. ते केसभर उचलून ऐकणे, वर्तमानपत्रावर मांडलेले चार प्लग वाचणे, याला कोणती पाटी लावणार? इतिहासाचा मास्तर म्हणून मी तुम्हाला सांगतो, कागद टिकतात, इमारती टिकतात. टिकत नाही ती रीत. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच राहते, मधे एक पिढी गळली की संपते.

शेजाऱ्यांची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले काही रविवार ती आजोबांना घेऊन तुर्भ्याला जाते आणि मिस्त्री सांगतील ते वहीत उतरून घेते. पहिल्या दिवशी नळी कानाला लावून तिला काहीच कळले नव्हते; आता पुढच्या कार्बोरेटराचा आवाज मागच्यापेक्षा जाड आहे, एवढे तिला ऐकू येते. मिस्त्री तिला "बेटा, अजून ऐक" म्हणतात आणि नळी पुन्हा तिच्या हातात देतात. ती वही मी वाचली. तिच्यातले पहिले कलम असे आहे : पंपाची टिकटिक थांबेपर्यंत स्टार्टरला हात लावू नये. आणि शेवटचे, मिस्त्रींच्या सांगण्यावरून लाल शाईने लिहिलेले : गाडी उभी ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी तिला पामबीच रस्त्याने फिरवून आणावी.

वाचकहो, तुमच्याही घराखाली एखादी जुनी स्कूटर किंवा वडिलांची मोटार धूळ खात उभी असेल. या दिवाळीत फराळ आटोपला की तिच्यापाशी जा. आणि जाताना घरातल्या लहान मुलाला सोबत न्या.